बोर्गहिल्ड मावशी, रजिस्टर्ड एजंट

लोणचं घालायला काय लागतं? काकड्या लागतात, मीठ लागतं, शेपू लागतो, व्हिनेगर लागतं आणि थोडा धीर लागतो. पण लोणच्याची कंपनी काढायची तर याखेरीज एक माणूस लागतो, हे आम्हाला कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं. या माणसाने काकडी चिरायची नाही, बरणी धुवायची नाही, झाकण लावायचं नाही. त्याने फक्त घरात बसायचं. कचेरीच्या वेळात बसायचं, आणि घराला रस्त्याचा पत्ता पाहिजे. उद्या कोणी कंपनीवर दावा ठोकला, तर ते कागद या माणसाने हातात घ्यायचे, बस्स. याला कायद्यात रजिस्टर्ड एजंट म्हणतात. तो नेमल्याशिवाय विस्कॉन्सिनमध्ये तुम्हाला कंपनी म्हणून शिंकताही येत नाही.

कंपनी माझ्या बायकोची, आर्डिसची. लोणचं तिच्या आईच्या हातचं. सासूबाई मड लेकच्या काठावर जन्मल्या आणि मड लेकच्या काठावरच गेल्या. आयुष्यभर त्यांनी लोणच्याच्या बरण्या गावाला फुकट वाटल्या आणि एकीवरही कधी नाव घातलं नाही. त्या गेल्या तेव्हा आर्डिसने ठरवलं की आता नाव घालायचं. "मड लेक लोणची." मड म्हणजे चिखल. चिखल तळ्याची लोणची कोण खाणार, असं मी हळूच सुचवून पाहिलं. त्यावर ती म्हणाली, "लोवेल, हेच नाव राहील, नाहीतर कंपनीच नको." विषय संपला. आमचा एकोणचाळीस वर्षांचा संसार आहे, विषय कुठे संपतो ते मला कळतं.

"बाकी सगळं मी बघते," आर्डिस म्हणाली. "तू फक्त ते एजंटचं काम कर. तेवढं एकच."

मी हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. तीन पिढ्यांना मी खंड आणि महासागर शिकवले. एका माणसाला घरात बसवणं मला जमणार नाही का? मी टाय लावूनच कॉम्प्युटरसमोर बसलो.

पहिली ठेच पत्त्यावरच लागली. आमच्या एल्व्हडाल गावात पोस्टमन घरोघर येत नाही. पोस्टातच प्रत्येकाची एक पेटी आहे, आणि गाव रोज सकाळी तिथे जाऊन पत्रं काढतं आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतं. माझा पत्ता म्हणजे ती पेटी. पण कॉम्प्युटर म्हणाला, पेटी चालणार नाही, घर पाहिजे. मी घराचा पत्ता घातला. कॉम्प्युटर म्हणाला, असा पत्ता अस्तित्वात नाही. ज्या खोलीत बसून मी हे वाचत होतो त्या खोलीचं अस्तित्वच सरकारने नाकारलं! शेवटी घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव सिद्ध करायला मला रस्ते खात्यात जावं लागलं. तिथल्या बाईंनी जुना नकाशा काढला आणि आमचं घर सापडल्यावर, "अय्या, तुमच्या इथे घर आहे होय?" असं मनापासून म्हणाल्या. भूगोलाच्या शिक्षकाला!

असो. पत्ता झाला, आणि मी स्वतःलाच एजंट नेमून टाकलं. आता दार. कागद घेऊन येणारा माणूस सरकारी, तो पुढच्या दाराने येणार. आमच्याकडे पुढचं दार कोणीच वापरत नाही. येणारा जाणारा गॅरेजमधून स्वयंपाकघरात शिरतो आणि हाक मारतो. पुढच्या दाराने नवी नवरी आत येते आणि शवपेटी बाहेर जाते, मधल्या काळात ते बंद असतं. आमच्या पुढच्या दाराला तर आतून डीप फ्रीझर टेकवलेला होता, त्यात अख्खं हरीण. मी शेजारच्या ड्वेन किटलसनला हाक मारली.

ड्वेनबद्दल थोडं सांगायला हवं. ड्वेन हा सल्ला देणारा माणूस आहे. त्याला विचारावं लागत नाही. तुम्ही बर्फ उपसत असलात तर तो तुम्हाला फावडं कसं धरायचं ते सांगतो, आणि स्वतःचं फावडं मात्र गॅरेजात टांगून ठेवतो.

"फ्रीझर रिकामा करून हलव," ड्वेन म्हणाला.

"हरीण गोठलेलं आहे, ड्वेन. वितळलं तर आर्डिस मला त्यात घालेल."

"मग भरलेलाच ढकल. गुडघ्यातून जोर लाव. कंबरेतून नको."

मी कंबरेतून लावला. फ्रीझर वीतभर सरकला आणि मी जिथे होतो तिथेच काटकोनात राहिलो. नंतर बरेच दिवस कंपनीचा रजिस्टर्ड एजंट पुढच्या दारात, फ्रीझरवर कोपरं टेकून, टाय लोंबकळत, रस्त्याकडे बघत उभा होता. कोणी आलं नाही. कोण येणार? लोणच्यावर दावा लावण्याइतका या गावात कोणाचा कोणावर राग नाही, आणि असला तरी तो आम्ही पोटात ठेवतो आणि चर्चच्या जेवणात त्यांनी भाजून आणलेल्या हॉटडिशच्या भांड्यातलं कमी वाढून घेतो.

तोवर तळं गोठलं. इथे तळं गोठलं की बाप्ये घरात राहत नाहीत. बर्फावर लाकडाची खोपटी ओढत न्यायची, आत शेगडी पेटवायची, बर्फाला भोक पाडायचं आणि त्या भोकाकडे बघत बसायचं. बायका याला मासेमारी म्हणतात कारण त्यांचं मन मोठं आहे. माझं खोपटं तळ्यावर रिकामं उभं होतं आणि मी घरात फ्रीझरवर. मला खिडकीतून ते दिसायचं. शेवटी मी मॅडिसनला, राज्याच्या कचेरीत फोन लावला.

"कंपनीच्या एजंटचा पत्ता बदलायचाय," मी म्हटलं. "हिवाळ्यापुरता."

"नवीन पत्ता?" पलीकडच्या बाई.

"मड लेक. उत्तरेकडून तिसरं खोपटं. हिरवं."

बाई अत्यंत गोड आवाजात म्हणाल्या, "हे जरा वेगळंच आहे, नाही?"

'वेगळंच आहे' हे आमच्या राज्यात माणूस माणसाला जे सगळ्यात कडक बोलू शकतो ते आहे. माझी मेहुणी एकदा हिरव्या पॅंटमध्ये चर्चला आली तेव्हा हे वाक्य म्हटलं गेलं होतं, ती अजून दुसऱ्या चर्चला जाते. मी फोन ठेवला आणि कान लाल झालेले कोणाला दिसू नयेत म्हणून टोपी घातली.

"हे काम पैसे घेऊन करणाऱ्या कंपन्या आहेत," ड्वेन म्हणाला. "मोठ्या शहरात ऑफिस असतं, हजार कंपन्यांचे कागद तेच घेतात."

"आमचे कागद परका माणूस घेणार? आर्डिसच्या आईच्या लोणच्याचे?"

"बरं, मग मी होतो एजंट. मी काय, घरीच असतो."

मला भरून आलं. ड्वेनला नेमलं. त्याने तळहाताएवढी पाटी करून दाराला लावली आणि पोस्टात ज्याला त्याला सांगितलं की तो आता कायद्यात आहे. आणि नाताळ झाल्यावर, दरवर्षी जातो तसा, तो गाडीत गोल्फच्या काठ्या घालून ॲरिझोनाला निघून गेला. वसंतापर्यंत! मी फोन केला तर म्हणाला, "अरे हो की! पण लोवेल, पाटी आहे ना दाराला."

हे ऐकून आर्डिसने कांदा चिरला. गरजेपेक्षा जास्त चिरला.

"मावशीला विचार," मग ती म्हणाली.

बोर्गहिल्ड मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. धाकटी म्हणजे पंच्याऐंशीची. लायब्ररीशेजारच्या पिवळ्या घरात एकटी राहते. ती घराबाहेर पडत नाही, तिच्या खुर्चीसमोर खिडकी आहे, खिडकीसमोर रस्ता आहे आणि रस्त्यावरून जाणारं कुत्रंसुद्धा ती नावानिशी ओळखते. शिवाय तिचं घर जुनं, त्याला एकच दार, तेच पुढचं. मला स्वतःला हे आधी कसं सुचलं नाही याचंच नवल वाटलं. मी गेलो आणि विचारलं.

"मी? छे छे," मावशी म्हणाली. "माझ्यासारख्या म्हातारीला कशाला असलं मोठं काम. कोणीतरी शिकलेलं बघा."

मी कॉफी पिऊन परत आलो. आर्डिस म्हणाली, "किती वेळा विचारलंस?"

"एकदा. नाही म्हणाली."

"एकदाच? अरे, तू कुठल्या गावचा?"

खरंच की. आमच्याकडे कोणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा देऊ केलं तरी नकोच म्हणायचं, जरा हळू. तिसऱ्यांदा दिलं की, 'बरं, एवढं म्हणताय तर,' म्हणून घ्यायचं. पहिल्या खेपेला घेतो तो हावरट. आणि तिसऱ्यांदा जो विचारतच नाही त्याला आईबापांनी काही शिकवलेलं नाही. कॉफीपासून लग्नाच्या मागणीपर्यंत सगळं असंच चालतं. आर्डिसने मला दोनदा नको म्हटलं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारण्याआधी मी जो महिना काढला तो माझा मलाच ठाऊक. मी मावशीकडे परत गेलो. मग पुन्हा एकदा गेलो.

"बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर," मावशी म्हणाली, आणि लगेच तिने कपाटातून बहिणीने दिलेला चांदीचा ब्रोच काढून गळ्याशी लावला. आता कचेरीची वेळ सुरू झाली की तो लागायचा आणि संपली की डबीत जायचा. रोज सकाळी ती लिंबाच्या वड्या भाजायची. "कागद घेऊन कोणी आलं तर त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" ती म्हणायची. कोणी येत नव्हतं. वड्या संध्याकाळी आम्ही खायचो. माझा टाय आता बसेना, पण मी बर्फावर होतो, भोकाकडे बघत होतो, आणि इतका निश्चिंत मी निवृत्तीनंतर कधीच नव्हतो. तळ्यावरच्या सगळ्यांना मी सांगितलं, काम करायचं तर योग्य माणूस नेमावा.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका संध्याकाळी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मावशी खुशीत होती.

"आला होता आज एक जण," ती म्हणाली. "शेरीफच्या ऑफिसातला. नवा दिसतो. काय गोड मुलगा! केस काळेभोर. त्याला वड्या दिल्या. पहिल्यांदाच घेतल्या हो त्याने, नको म्हणालाच नाही. भुकेला असेल बिचारा."

"आणि कागद?" मी विचारलं.

"हो, काहीतरी जाडसर पाकीट होतं. मला देत होता."

"मग?"

"मी म्हटलं, नको हो, कशाला."

आर्डिस खाली बसली.

"मग?" मी म्हटलं.

"तो म्हणाला, घ्या ना आजी, तुमच्यासाठीच आहे. मी म्हटलं, नाही नाही, राहू दे तुम्हालाच. हळूच म्हटलं." मावशीने ब्रोच सारखा केला. "आणि लोवेल, खरं सांगू? तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही. थँक यू म्हणाला आणि गेला पाकीट घेऊन. मी आपली हात पुढे करून उभी! मुलं चांगली असतात, पण घरून वळण नसतं."

मी दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधीच शेरीफच्या ऑफिसबाहेर उभा होतो. डेप्युटीचं नाव स्कारपेट्टी. न्यू जर्सीहून बायकोच्या माहेरी राहायला आलेला.

"तुमच्या त्या आजी फार छान आहेत," तो म्हणाला. "पण कागद घेईनात. मी दोनदा दिले. त्या दोनदा नको म्हणाल्या. मी लिहून पाठवलं कोर्टात, एजंटने नकार दिला म्हणून."

"अहो, तो नकार नव्हता!"

"त्या 'नको' म्हणाल्या."

"हो, पण ते दुसरं नको होतं!"

स्कारपेट्टीने माझ्याकडे पाहिलं. मग मागे बसलेल्या साहेबांकडे पाहिलं. साहेब इथलेच, त्यांनी डोळे मिटून मान हलवली आणि म्हणाले, "अरे देवा. दोनदाच दिलेस?"

दावा कोणाचा, ते तिथेच कळलं. आमच्या मड लेकपासून तासाभरावर, पलीकडच्या भागात, आणखी एक मड लेक आहे. तिथल्या व्हर्ना हाउगन नावाच्या बाई लोणची आणि मुरंबे विकतात, मड लेकच्याच नावाने, आमच्या आधीपासून. त्यांचं म्हणणं, आम्ही ते नाव सोडावं. विस्कॉन्सिनमध्ये मड लेक नावाची तळी शंभरावर आहेत, हे मी स्वतः फळ्यावर लिहून मुलांना शिकवत असे. ॲरिझोनाहून ड्वेनने फोन करून मला ती माहिती पुन्हा दिली.

एजंट कागद घेत नाही म्हणजे कंपनी तोंड चुकवते आहे, असं कोर्ट धरतं. पाकीट तिसऱ्यांदा येईल म्हणून आम्ही वाट बघत बसलो, त्यात उत्तर द्यायची मुदत निघून गेली, आणि आता न्यायाधीश एकतर्फी निकाल देऊन मोकळ्या होऊ शकत होत्या. तारखेची नोटीस पोस्टातल्या पेटीत आली. ज्या पेटीला सरकार पत्ता मानत नव्हतं त्याच पेटीत! मी ती आर्डिसला दाखवली. तिने वाचली, घडी घातली, आणि तळघरात गेली. तिथे फळीवर जत्रेसाठी बरण्या लावलेल्या होत्या, लेबलं लावून. मी जिन्यावरून पाहिलं तर ती एका लेबलाचा निघालेला कोपरा बोटाने दाबून चिकटवत होती.

"दुसरं नाव घेऊ," मी म्हटलं. "सासूबाईंच्या नावाने..."

"आईला स्वतःचं नाव बरणीवर आवडलं नसतं. तळ्याचं आवडलं असतं." ती वळली नाही. "जाऊ दे, लोवेल. ठीक आहे. बंद करू."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कोर्टात मावशी यायलाच निघाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती सगळं समजून होती. "मी एजंट आहे," ती म्हणाली, "मला यायला पाहिजे." ब्रोच लावला, टोपी घातली, आणि कित्येक वर्षांनी घराबाहेर पडली. गाडीत मांडीवर वड्यांचा डबा. सबंध वाटेत ती एवढंच म्हणाली, "हात पुढे केला होता गं मी, आर्डिस. घेणारच होते." आर्डिसने तिचा हात धरला.

न्यायाधीश ओडेगार्ड बाई इथल्याच शेतावरच्या. त्यांनी स्कारपेट्टीला उभं केलं.

"पाकीट किती वेळा देऊ केलंत?"

"दोनदा, युवर ऑनर."

"तिसऱ्यांदा?"

"नाही. आमच्याकडे बाई दोनदा नाही म्हणाली की माणूस निघून जातो, युवर ऑनर."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. आमच्या बाजूने उभी राहिलेली ही पहिली आशा होती, म्हणून मी उठून म्हणालो, "न्यायाधीश महाराज, या प्रदेशाचा मानवी भूगोल लक्षात घेता..."

"बसा, मिस्टर ब्रेक्के," त्या म्हणाल्या. "मला नववीत भूगोल तुम्हीच शिकवलात. मला कळतंय. पण कायद्यात 'दुसरं नको' असा प्रकार नाही. नको म्हणजे नको." मग त्यांनी दोन्ही बाजूंकडे पाहिलं. "निकाल द्यायच्या आधी तुम्ही जरा बाहेर बसा. कॉफी आहे. बोलून बघा. मी आत फायली वाचते, माझी काही घाई नाही."

बाहेर व्हऱ्हांड्यात एक लांब बाक. एका टोकाला आम्ही तिघं, दुसऱ्या टोकाला व्हर्ना हाउगन आणि त्यांचा जावई. व्हर्नाबाई ठेंगण्या, गोल, कानावर बसणारी लोकरीची टोपी. जावई शिकागोचा. शिकागोच्या माणसाबद्दल आम्ही काही वाईट बोलत नाही, रस्त्यात त्याच्यापुढे आमची गाडी आपोआप जरा हळू चालते एवढंच. तो व्हर्नाबाईंच्या कानात कुजबुजला, 'काहीही बोलू नका,' आणि कोपऱ्यावरच्या यंत्रातून कॉफी आणायला गेला.

सगळे जमिनीकडे बघत होते.

"बर्फ लवकर गेलं यंदा," आर्डिस म्हणाली.

"हो ना," व्हर्नाबाई. "आमच्याकडे अजून कडेकडेने आहे."

"तुमचं मड लेक खोल असेल."

"छे हो. चिखलच नुसता."

"आमचंही तेच."

मावशीने डबा उघडून पुढे केला. व्हर्नाबाई नको म्हणाल्या, मग पुन्हा नको म्हणाल्या, मग त्यांनी एक वडी घेतली. मला जरा धीर आला, बाई घरंदाज निघाली. त्यांनी वडी खाल्ली, ओठ पुसले, आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले.

"मला मेलीला हे काही नको होतं हो," त्या म्हणाल्या. "जावयाने केलं सगळं. मला म्हणाला, हक्क आहे. असेल बाई हक्क. पण तुमच्या लोणच्याची बरणी आणली होती कोणीतरी, मी चाखली. तुमच्या आईचं ना ते? माझ्यापेक्षा चांगलं आहे. मला तर मुरंबाच बरा येतो." त्यांनी सुस्कारा सोडला. "तुम्हीच ठेवा हो ते नाव. आम्ही दुसरं काहीतरी लावू."

मी आर्डिसचं तोंड पाहिलं. ते उघडायला लागलं होतं. त्या तोंडातून काय येणार होतं ते मला माहीत होतं, व्हर्नाबाईंना माहीत होतं, उभ्या विस्कॉन्सिनला माहीत होतं. 'नाही हो, असं कसं, तुमचं आधीपासूनचं आहे.' मग त्या पुन्हा देणार, ही पुन्हा नको म्हणणार, मग तिसऱ्यांदा. दोन बायकांना तिसऱ्या खेपेपर्यंत पोचायला निदान हवापाण्याच्या गप्पांइतका वेळ लागतो. आणि व्हऱ्हांड्याच्या त्या टोकाला यंत्राने शेवटचा फुस्कारा सोडला होता. जावई दोन कप घेऊन वळला होता. तो आमच्याकडे चालत येत होता.

मी आर्डिसच्या पायावर पाय दिला. तिने तो काढून घेतला. जन्माचं वळण पायावर पाय देऊन जात नाही.

"नाही हो—" आर्डिसने सुरुवात केली.

"घेतलं," बोर्गहिल्ड मावशी म्हणाली.

ती उभी राहिली होती. टोपी थोडी कलली होती, गाल लालबुंद झाले होते, आणि हात पुढे केलेला होता.

"मी मड लेक लोणची कंपनीची रजिस्टर्ड एजंट आहे," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण मोठा होता, पार आतल्या न्यायाधीशबाईंना ऐकू जाईल इतका. "तुम्ही दिलंत. मी कंपनीच्या वतीने घेतलं. आभारी आहे."

पहिल्याच खेपेला! पंच्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा. आर्डिसचं तोंड उघडंच राहिलं. स्कारपेट्टी भिंतीला टेकून उभा होता, त्याने टोपी काढली. व्हर्नाबाईंनी आधी पुढे आलेल्या त्या हाताकडे पाहिलं, मग मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तो हात धरला.

"बाई गं," त्या म्हणाल्या, "सुटले मी."

जावई पोचला तेव्हा कॉफी तशीच गरम होती. तो म्हणाला, 'थांबा, काय चाललंय?' व्हर्नाबाई म्हणाल्या, "दिलं मी. त्यांनी घेतलं. आता काय परत मागू? बस, तुला वडी देतात." दार उघडून न्यायाधीशबाई बाहेर आल्या, फाईल त्यांच्या हातात आधीच मिटलेली होती.

परत येताना मावशी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली. मग ती म्हणाली, "काय म्हणाली असेल ती बाई मनात. हावरट म्हणाली असेल. एकदा दिलं नि लगेच हात पुढे."

आर्डिस पुढून वळली. "मावशी, आईला फार आवडलं असतं."

"छे गं," मावशी म्हणाली. "तिला लाज वाटली असती माझी."

डाव्या बाजूला तळं लागलं. आमचंच. कडेचा चिखल उन्हात चमकत होता. मी वेग वाढवला नाही.

"खरंच आवडलं असतं, मावशी."

"काहीतरीच," मावशी म्हणाली. जरा हळू.

आर्डिस थांबली. मी आरशात पाहिलं. मावशी ब्रोच काढून डबीत ठेवत होती, आणि तिचे हात मधेच थांबले होते.

"आईला तुझा अभिमान वाटला असता, मावशी."

"बरं," मावशी म्हणाली. तिने डबी मिटली आणि डोळे पुसले. "तू एवढं म्हणतेस तर. वाटला असता."